खासगी आरोग्य विमा: न्याय कुठे अडतो आणि काय बदलायला हवे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरोग्य विम्याची ज्याला सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो सर्वांत महाग पडतो, नाहीतर मिळतच नाही. खालचे बहुतेक प्रश्न याच एका विसंगतीतून निघालेले आहेत. उत्तरे देताना आम्ही आमची बाजू झाकून ठेवलेली नाही. नियम बदलले तर खासगी विमासुद्धा न्यायाने चालू शकतो, आणि ते बदलायलाच हवेत, असे आमचे ठाम मत आहे.

जोखीम जास्त तर हप्ता जास्त, हा विम्याचा साधा हिशेब. यात अन्याय कसला?

मोटारीच्या विम्यात हा हिशेब बऱ्यापैकी पटतो. बेदरकार गाडी हाकणाऱ्याने जास्त पैसे भरावेत यावर कोणी फारसे भांडत नाही, कारण गाडी कशी चालवायची हे त्याच्या हातात असते. सात वर्षांच्या मुलीला टाइप-१ मधुमेह होतो, तेव्हा तिच्या हातात काय असते? इन्सुलिन तयार करणाऱ्या तिच्या पेशी तिच्याच प्रतिकारशक्तीने नष्ट केलेल्या असतात. तिने काही चुकीचे खाल्लेले नसते, कुठला सल्ला धुडकावलेला नसतो. तरी पुढची साठ-सत्तर वर्षे 'जास्त जोखमीची ग्राहक' हा शिक्का तिच्या मागे लागतो. आईवडिलांकडून आलेली जनुके, वाढते वय, जन्मतः असलेला हृदयदोष या सगळ्यांचेही तेच आहे.

काही आजार सवयींमुळे बळावतात, हे खरे. म्हणून तंबाखू वापरणाऱ्यांकडून थोडा जास्त हप्ता घेण्याची मुभा काही देश देतात. अमेरिकेच्या कायद्यात ती जास्तीत जास्त दीडपट आहे. पण सवय कुठे संपते आणि परिस्थिती कुठे सुरू होते, हे ठरवायला विमा कंपनी ही योग्य जागा नव्हे. रात्रपाळी करणाऱ्याचा वाढलेला रक्तदाब कोणत्या खात्यात मांडायचा?

याहून खोलवरची एक अडचण आहे. कोणाला किती खर्च येणार याचा अंदाज जितका अचूक, तितका प्रत्येकाचा हप्ता त्याच्या स्वतःच्या खर्चाइतका होत जातो. तो अंदाज अगदी तंतोतंत बसला तर विमा उरतच नाही, प्रत्येक जण आपलेच बिल आगाऊ भरत राहतो. अनिश्चितता वाटून घेणे हे विम्याचे मूळ काम. आजारी माणसाला बाजूला काढून त्याचा वेगळा हिशेब मांडला की ते कामच थांबते.

मग कंपन्या नफेखोर आहेत म्हणून हे घडते का?

नफ्याचा लोभ असतोच, पण सगळे खापर त्यावर फोडले तर दुखणे हाती लागत नाही. समजा एखाद्या कंपनीने खरोखर सद्भावनेने ठरवले की येईल त्याला घ्यायचे, सगळ्यांना एकच हप्ता लावायचा, जुन्या आजाराची विचारपूस करायची नाही. बाकीच्या कंपन्यांनी नाकारलेले सगळे रुग्ण तिच्या दारात येतील. तिचा खर्च वाढेल, हप्ता वाढवावा लागेल, आणि तिचे निरोगी ग्राहक शेजारच्या स्वस्त कंपनीकडे जातील. काही वर्षांत ती बुडेल किंवा इतरांसारखीच वागू लागेल.

म्हणजे भले वागणाऱ्याला शिक्षा होईल अशीच या बाजाराची रचना आहे. एकट्यादुकट्या कंपनीच्या चांगुलपणाने ती बदलणार नाही. नियम सगळ्यांना एकाच वेळी आणि सारखाच लागू झाला, तरच चांगले वागणे परवडते.

सर्वांना एकच हप्ता लावला तर निरोगी लोक बाहेर पडतील आणि सगळेच कोसळेल, असे म्हणतात. खरे आहे का?

खरे आहे, आणि सुधारणेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ते आधी नीट समजून घ्यायला हवे. कागदावर मांडून पाहू.

शंभर माणसे आहेत. त्यातली नव्वद धडधाकट, प्रत्येकाचा वर्षाचा सरासरी वैद्यकीय खर्च १० एकक. उरलेली दहा आजारी, प्रत्येकाचा खर्च ११०. एकूण खर्च ९०० अधिक १,१००, म्हणजे २,०००. शंभरांत वाटला तर हप्ता २०. आता धडधाकटांपैकी निम्मे म्हणतात, 'माझा खर्च १०, मी २० का भरू?' आणि बाहेर पडतात. राहिले पंचावन्न. त्यांचा खर्च १,५५०, म्हणजे हप्ता २८ च्या वर. तो पाहून आणखी तीस धडधाकट जातात. उरलेल्या पंचवीस जणांचा खर्च १,२५०, हप्ता ५०. आता उरलेले पंधराही थांबत नाहीत. शेवटी फक्त दहा आजारी माणसे राहतात आणि त्यांचा हप्ता ११०, म्हणजे त्यांच्या खर्चाइतकाच. विमा संपला. कोणी खोटे बोलले नाही, कोणी कोणाला फसवले नाही, तरीही संपला.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या गाड्यांच्या बाजारावर लिहिताना हाच मुद्दा मांडला होता: पासष्टीच्या पुढच्या लोकांना वैद्यकीय विमा मिळणे इतके अवघड का, हप्ता वाढवून हा प्रश्न का सुटत नाही? कारण हप्ता वाढला की ज्यांना आपण आजारी पडणारच याची खात्री आहे तेच मागे राहतात. न्यूयॉर्क राज्याने १९९३ पासून विमा कंपन्यांना येईल त्याला घेण्याची आणि सर्वांना एकच दर लावण्याची सक्ती केली, पण लोकांवर विमा घेण्याची सक्ती केली नाही. स्वतःच्या पैशाने विमा घेणाऱ्यांचा तिथला बाजार आक्रसत गेला आणि हप्ते अमेरिकेतल्या सर्वांत महागड्या हप्त्यांमध्ये जाऊन बसले. हेतू चांगला होता, काम अर्धेच केले होते.

यातून 'जोखमीनुसार हप्ता हाच एकमेव मार्ग' असा निष्कर्ष निघत नाही. दार सर्वांना उघडे ठेवायचे असेल तर सर्वांनी आत यायला हवे, एवढाच याचा अर्थ.

म्हणजे सक्ती. निरोगी तरुणावर ती अन्याय नाही का?

एका वर्षाचा हिशेब मांडला तर तसे वाटते. आयुष्याचा मांडला तर वाटत नाही. आजचा पंचविशीतला निरोगी तरुण चाळीस वर्षांनी पासष्टीचा असणार आहे. अपघात, कर्करोग, किंवा अचानक बंद पडलेले मूत्रपिंड यांना पंचविशीचे वावडे नसते. शिवाय विमा नसलेला तरुण बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आला तर त्याला कोणी दारातून परत पाठवत नाही, पाठवूही नये. त्याचे बिल शेवटी इतरांच्याच खिशातून जाते.

स्वित्झर्लंडने १९९६ पासून आणि नेदरलँड्सने २००६ पासून हा मार्ग घेतला. दोन्ही देशांत विमा कंपन्या खासगी आहेत, लोक आपली कंपनी निवडतात, आवडली नाही तर बदलतात. पण मूलभूत विमा प्रत्येकाला घ्यावाच लागतो आणि कंपनीला कोणालाही नाही म्हणता येत नाही. नेदरलँड्समध्ये एका पॉलिसीचा दर तरुण-म्हातारा, रोगी-निरोगी सगळ्यांना सारखा असतो. अठरा वर्षांखालच्या मुलांचा हप्ता सरकार भरते, कमी उत्पन्न असलेल्यांना दरमहा भत्ता मिळतो.

सक्तीऐवजी रेटा देण्याचीही एक पद्धत आहे. ऑस्ट्रेलियात मूळ सरकारी विमा सर्वांना आहेच; त्यावरचा खासगी विमा घ्यायला तिशीनंतर जितका उशीर कराल तितका दर वर्षामागे २ टक्के जादा हप्ता लागतो. हा भार जास्तीत जास्त ७० टक्क्यांपर्यंत जातो आणि सलग दहा वर्षे विमा चालू ठेवला की उतरतो. आयर्लंडनेही २०१५ पासून असाच नियम आणला, तिथे वयाची रेषा चौतीस आहे.

अमेरिकेत विमा न घेणाऱ्यांचा दंड २०१९ पासून शून्यावर आणला गेला. अनेकांना वाटले होते की बाजार लगेच ढासळेल. तो ढासळला नाही, कारण बहुतेक ग्राहकांच्या हप्त्याचा मोठा भाग सरकारी अनुदानातून येत होता. परवडणारा हप्ता असेल तर लोक आपणहून आत राहतात. दंडापेक्षा अनुदानाचे बळ मोठे, असे आम्हाला यातून वाटते. उत्पन्न न पाहता सगळ्यांवर एकसारखी सक्ती लादली तर मात्र तो गरिबांवरचा नवा अन्याय ठरेल.

आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा कालावधी लावणे तरी योग्य आहे का?

विमा ऐच्छिक असेल तर काही काळाचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ज्या काळात त्या आजाराचा खर्च मिळत नाही तो, समजण्यासारखा आहे. नाहीतर लोक शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर पॉलिसी घेतील आणि टाके काढल्यावर बंद करतील. प्रश्न कालावधी किती आणि कशासाठी हा आहे. नुसते कुंपण म्हणून तो लावला जातो, की ग्राहकाला वर्षानुवर्षे हप्ते भरायला लावून ऐन वेळी हात वर करण्यासाठी?

भारताच्या विमा नियामकाने २०२४ मध्ये ही कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती दडवल्याच्या कारणाने, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, क्लेम नाकारता येणार नाही असाही नियम केला. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. अमेरिकेत २०१४ पासून आधीच्या आजारामुळे विमा नाकारणे किंवा महाग करणे पूर्ण बंद झाले. सगळेच आत आले की प्रतीक्षा कालावधीचे कारणच उरत नाही, हे या दुसऱ्या उदाहरणातून दिसते.

एक गोष्ट तर कुठल्याही व्यवस्थेत मान्य होण्यासारखी नाही. कंपनी बदलली किंवा नोकरी सुटली म्हणून प्रतीक्षा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायची, म्हणजे माणसाला आहे त्या कंपनीशी बांधून ठेवायचे. भरलेली वर्षे ग्राहकाबरोबर जायला हवीत.

नेमके आजारी पडल्यावरच क्लेम का नाकारला जातो?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्यामागे खूप राग असतो. तो राग रास्त आहे. प्रत्यक्षात काय घडते ते टप्प्याटप्प्याने पाहू.

पॉलिसी विकताना घाई असते. एजंट फोनवर प्रश्न वाचतो, 'काही मोठा आजार?' समोरचा 'नाही' म्हणतो, फॉर्म भरला जातो, सही होते. कंपनी तेव्हा काही तपासत नाही, कारण तपासणीला पैसे आणि वेळ लागतो आणि विक्री लांबते. चार वर्षे हप्ते जमा होतात. मग गुडघ्याची शस्त्रक्रिया होते. बिल आल्यावर मात्र कंपनीचा माणूस जुने कागद मागवतो. सहा वर्षांपूर्वीच्या एका केसपेपरवर डॉक्टरांनी घाईत लिहिलेली ओळ सापडते: रक्तदाब सीमारेषेवर, मीठ कमी करा. गोळी दिलेली नाही, पुढची भेट नाही. गुडघ्याचा आणि रक्तदाबाचा संबंध नाही. तरी पत्र येते की महत्त्वाची माहिती दडवल्यामुळे क्लेम फेटाळण्यात येत आहे आणि पॉलिसी सुरुवातीपासून रद्द समजावी.

अन्याय तपासणीत नाही, तिच्या वेळेत आहे. पैसे घ्यायचे तेव्हा डोळे मिटायचे आणि द्यायचे तेव्हा भिंग काढायचे, ही पद्धत कायद्याने बंद करता येते. अमेरिकेने २०१० च्या कायद्यात पॉलिसी मागे जाऊन रद्द करण्यावर बंदी घातली. अपवाद फक्त फसवणुकीचा किंवा जाणूनबुजून खोटे सांगण्याचा. विसरभोळेपणा आणि लबाडी यातला फरक कंपनीने सिद्ध करायचा, रुग्णाने नव्हे. आमच्या मते हा नियम सगळीकडे हवा. आणि दडवलेल्या गोष्टीचा आत्ताच्या आजाराशी संबंध नसेल तर क्लेम देणे बंधनकारक असावे.

नकाराचे दुसरे मोठे कारण म्हणजे 'हा उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नव्हता'. हे ठरवणाऱ्याने रुग्णाला पाहिलेलेही नसते. अशा निर्णयाखाली त्याच शाखेच्या डॉक्टरची सही आणि लेखी कारण असायला हवे.

क्लेम नाकारला तर दाद मागता येते ना? मग तक्रार कशाची?

येते, पण फार थोडे लोक मागतात. अमेरिकेच्या केंद्र सरकारने चालवलेल्या विमा बाजारातल्या कंपन्यांनी २०२३ मध्ये नेटवर्कमधल्या, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या, रुग्णालयांचे आणि डॉक्टरांचे साधारण १९ टक्के दावे नाकारले. त्यांपैकी एक टक्काही नकारांवर ग्राहकांनी कंपनीकडे अपील केले नाही. ज्यांनी केले, त्यांच्यापैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणांच्या बाबतीत कंपनीने स्वतःचाच निर्णय फिरवला. म्हणजे जो भांडतो त्याला बऱ्याचदा मिळते आणि जो थकून गप्प बसतो त्याचे पैसे जातात. केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये माणसाने पत्रव्यवहार करावा, अशी अपेक्षाच क्रूर आहे.

म्हणून नुसता अपिलाचा हक्क पुरत नाही. निर्णय कंपनीबाहेरच्या, स्वतंत्र माणसाने द्यावा, तो कंपनीवर बंधनकारक असावा, आणि प्रत्येक कंपनीने किती क्लेम नाकारले, कोणत्या कारणाने नाकारले, अपिलात किती उलटले, हे आकडे पॉलिसी विकतानाच ग्राहकापुढे ठेवावेत. 'क्लेम निकाली काढण्याचे प्रमाण ९८ टक्के' अशा जाहिरातीतून फारसे काही कळत नाही. मागितलेल्या रकमेपैकी किती रक्कम दिली, हे विचारावे.

वय वाढेल तसा हप्ता वाढतोच. त्याला काय करणार?

करता येते. स्वित्झर्लंडमध्ये मूलभूत विम्यासाठी सव्विशीच्या पुढचे सगळे एकाच गटात धरतात. तीस वर्षांच्या आणि ऐंशी वर्षांच्या माणसाचा दर एकाच भागात, एकाच कंपनीत, त्याच अटींवर सारखाच असतो. अमेरिकेत ज्येष्ठाचा हप्ता तरुणाच्या तिपटीहून जास्त ठेवता येत नाही. भारतात नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये साठीच्या पुढच्यांचा हप्ता आपल्याशी आधी सल्लामसलत केल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायला मनाई केली.

जर्मनीचा मार्ग वेगळा आहे आणि विचार करण्यासारखा आहे. तिथे दहातला साधारण एक जण खासगी विम्यात आहे. तरुणपणी त्याच्याकडून खर्चापेक्षा जास्त हप्ता घेतात, जादा रक्कम राखून ठेवतात आणि म्हातारपणी वाढणाऱ्या खर्चासाठी वापरतात. माणूस आपल्याच वृद्धपणासाठी आधी भरतो. दोष एवढाच की कंपनी बदलताना ही साठवण पूर्णपणे बरोबर नेता येत नाही. २००९ पासून नव्या करारांमध्ये तिचा काही भाग नेता येतो. जुन्या ग्राहकांना मात्र कंपनी सोडणे अजूनही फार महागात पडते.

स्त्रियांकडून जास्त हप्ता घेणे कायदेशीर आहे का?

अनेक ठिकाणी होते. युरोपीय न्यायालयाने १ मार्च २०११ ला निकाल देऊन २१ डिसेंबर २०१२ पासून नव्या विमा करारांत स्त्री-पुरुष असा दरभेद करायला बंदी केली. चिलीच्या घटनात्मक न्यायालयाने २०१० मध्ये खासगी आरोग्य विम्यातल्या वय आणि लिंगावर आधारलेल्या दरतक्त्याची कायदेशीर तरतूद घटनाबाह्य ठरवली. बाळंतपणाचा खर्च हा जन्माला आलेल्या प्रत्येकाचा खर्च आहे. तो एकट्या स्त्रीच्या हप्त्यात टाकण्याला कुठलाही आधार नाही.

जनुकीय चाचणी केली तर विमा महाग होईल का?

ही भीती खरी आहे आणि तिच्यामुळे लोक उपयोगी चाचण्याही टाळतात. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने आरोग्य विम्यात जनुकीय माहितीचा वापर बंद केला. आयुर्विमा त्यातून सुटला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जनुकीय विकार सरसकट वगळणारी अट भेदभावाची ठरवली. ज्या देशात असा स्पष्ट कायदा नाही तिथे तो लवकर व्हायला हवा, कारण चाचण्या झपाट्याने स्वस्त होत आहेत.

कंपन्यांच्या नफ्यावर मर्यादा घातली तर प्रश्न सुटेल का?

थोडा सुटेल. अमेरिकेत जमा हप्त्यांपैकी किमान ८० टक्के रक्कम, मोठ्या गटांच्या विम्यात ८५ टक्के, उपचारांवर आणि सेवेचा दर्जा सुधारण्यावर खर्च करावी लागते. कमी पडली तर फरक ग्राहकांना परत द्यावा लागतो. स्वित्झर्लंडमध्ये मूलभूत विम्यातून नफा काढायलाच मनाई आहे. पण टक्केवारीच्या मर्यादेत एक खोट आहे: एकूण बिल फुगले तर कंपनीचा वीस टक्क्यांचा वाटाही फुगतो. रुग्णालयांचे दर आवरायची गरज त्यामुळे कंपनीला वाटेनाशी होते.

को-पे (प्रत्येक बिलाचा काही हिस्सा रुग्णाने देणे) आणि वजावट (ठरावीक रकमेपर्यंतचे बिल आधी रुग्णानेच भरणे) ठेवली की लोक उगाच डॉक्टरकडे जात नाहीत, हे चांगलेच नाही का?

या विषयावरचा सर्वांत मोठा प्रयोग रँड या संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात अमेरिकेत केला. दोन हजारांवर कुटुंबांना वेगवेगळ्या अटींचा विमा चिठ्ठ्या टाकाव्यात तसा वाटून दिला. खिशातून पैसे द्यावे लागणाऱ्यांनी उपचार कमी घेतले, हे खरे निघाले. पण त्यांनी अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही तितकेच टाळले. बहुतेकांच्या तब्येतीत मोठा फरक दिसला नाही. गरीब आणि उच्च रक्तदाब असलेल्यांच्या बाबतीत मात्र मोफत उपचार मिळालेल्यांचा रक्तदाब जास्त आटोक्यात राहिला.

छातीत दुखते आहे ते पित्तामुळे की हृदयामुळे, हे तपासणीआधी रुग्णाला कसे कळणार? पैशाची भीती घालून त्याला निवड करायला लावणे धोक्याचे आहे. को-पे ठेवायचाच असेल तर उत्पन्नानुसार असावा, वर्षाची कमाल मर्यादा असावी, आणि मधुमेह-रक्तदाबाची औषधे, लसी, गरोदरपणातल्या तपासण्या यांना तो मुळीच नसावा.

जोखीम समतोल निधी म्हणजे काय? तो इतका महत्त्वाचा का?

याच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते आणि आमच्या मते सर्वांत जास्त बोलायला हवे.

समजा नियम केला: दार सर्वांना उघडे, दर सर्वांना एक. तरी कंपनीला निरोगी ग्राहक हवाच असतो, आणि तो आडमार्गाने मिळवता येतो. पॉलिसीबरोबर व्यायामशाळेची सवलत द्यायची, कर्करोगाची नामांकित रुग्णालये नेटवर्कमधून गाळायची, अर्ज फक्त मोबाइल अॅपवर घ्यायचा. कोणालाही 'नाही' न म्हणता आजारी आणि वयस्क माणसे दूर राहतात.

निधी हा डाव मोडतो. ज्या कंपनीकडे तरुण आणि निरोगी ग्राहक जास्त, ती निधीत पैसे भरते. जिच्याकडे मधुमेही, कर्करोगी, वृद्ध जास्त, तिला निधीतून पैसे मिळतात. हिशेब नीट बसवला तर आजारी माणूस कंपनीला तोट्याचा वाटत नाही. मग मधुमेह्याची उत्तम काळजी घेण्यातही धंदा दिसू लागतो. नेदरलँड्सची सगळी रचना याच खांबावर उभी आहे, वय आणि लिंगाबरोबर आजारांचे गटही त्यात मोजले जातात.

आयर्लंडमध्ये हा खांब उभा करायला किती कष्ट पडले ते पाहण्यासारखे आहे. तिथे एक दर आणि खुला प्रवेश हे नियम १९९० च्या दशकापासून होते. जुन्या सरकारी विमा संस्थेकडे वयस्क सभासद जास्त आणि नव्याने आलेल्या खासगी कंपनीकडे तरुण जास्त. २००३ मध्ये समतोल योजना आणली तेव्हा ती कंपनी न्यायालयात गेली आणि तिथे हरल्यावर देश सोडून गेली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातल्या त्रुटीवर बोट ठेवून ती योजनाच रद्द केली. कायमची योजना लागू व्हायला २०१३ उजाडले. दक्षिण आफ्रिकेने तर एक दर आणि खुला प्रवेश १९९८ च्या कायद्याने आणला, पण सक्तीही आली नाही आणि समतोल निधीही. तिथला खासगी विमा अजूनही लोकसंख्येच्या लहानशा भागापुरताच आहे.

एवढे सगळे करण्यापेक्षा सरकारनेच सर्वांचा विमा का घेऊ नये?

घेऊ शकते, आणि चांगले चालते. ब्रिटनने १९४८ मध्ये करातून चालणारी सेवा सुरू केली. तैवानने १९९५ मध्ये अनेक वेगवेगळ्या योजना एकत्र करून एकच सरकारी विमा आणला आणि थोड्याच वर्षांत जवळजवळ सगळी लोकसंख्या त्यात आली. कागदपत्रांचा आणि विक्रीचा खर्च अशा पद्धतीत कमी होतो, आजारी आणि निरोगी असा भेद मुळातच राहत नाही.

ज्या देशांत कराचा पैसा आणि सरकारी रुग्णालये पुरेशी आहेत तिथे हा मार्ग आम्हाला जास्त सरळ वाटतो. पण जिथे खासगी विमा आधीच खोलवर रुजला आहे, तिथे त्याला नियमांत बसवणे हा लवकर पार पडणारा रस्ता असू शकतो. दोन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे: सर्वांचा सहभाग आणि उत्पन्नानुसार भार. निव्वळ ऐच्छिक विम्याच्या भरवशावर सर्वांपर्यंत आरोग्यसेवा पोचवलेला एकही देश नाही.

सरकारी सेवेच्या जोडीला खासगी विमा ठेवायचा असेल तर एकाच गोष्टीवर लक्ष ठेवावे. खासगी विमा असलेल्याला वेगळी खोली मिळाली तर हरकत नाही. शस्त्रक्रियेच्या रांगेत तो पुढे घुसत असेल तर हरकत आहे.

नोकरीतून मिळणारा गटविमा चांगला असतो. तोच सर्वांना का देऊ नये?

गटविमा चालतो कारण आत येणारा आजारी आहे म्हणून नव्हे, नोकरी लागली म्हणून आत येतो. पण त्याचा पाया नोकरी आहे. आजारपणामुळे नोकरी सुटली की त्याच दिवसापासून विमाही सुटायला लागतो. शेतमजूर, फेरीवाला, घरकाम करणारी बाई, छोटा दुकानदार यांना तो मिळतच नाही. निदान नोकरी सुटल्यावर तीच पॉलिसी, त्याच अटींवर, वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याचा हक्क प्रत्येकाला हवा.

सुधारणांमुळे हप्ते वाढतील का?

काहींचे वाढतील. निरोगी तरुणांचे वाढतील, ज्येष्ठांचे आणि आजारी लोकांचे उतरतील. जे आतापर्यंत बाहेर होते त्यांच्या उपचारांचा खर्चही धरावा लागेल. हे लपवून सुधारणा मागणे प्रामाणिकपणाचे नाही, आणि टिकतही नाही. स्वित्झर्लंडमध्ये हप्ते इतके डोईजड झाले की ते उत्पन्नाच्या १० टक्क्यांवर जाऊ नयेत यासाठी जून २०२४ मध्ये सार्वमत घ्यावे लागले. प्रस्ताव पडला, तक्रार मात्र कायम आहे.

हप्ता मुळात उपचारांच्या दरांवर ठरतो. त्याच शस्त्रक्रियेचे दोन रुग्णालयांत दुप्पट-तिप्पट वेगळे बिल होत असेल तर विम्याचे नियम कितीही सुधारले तरी हप्ता चढतच राहणार. दर जाहीर करणे आणि ते एकत्र बसून ठरवणे हे काम विमा सुधारणेच्या बरोबरीने व्हावे लागते.

सगळे एकदम होणार नाही. सुरुवात कशापासून करावी?

ज्याला पैसा जवळजवळ लागत नाही त्यापासून. क्लेम नाकारण्याची लेखी आणि समजेल अशी कारणे, स्वतंत्र आणि बंधनकारक अपील, कंपनीनिहाय आकडे जाहीर करणे, पाच वर्षांनंतर जुने कागद उकरायला बंदी, कंपनी बदलताना प्रतीक्षेची वर्षे बरोबर नेण्याचा हक्क. हे नियामकाच्या एका आदेशाने होऊ शकते.

त्यानंतर सगळ्या कंपन्यांना एकाच मसुद्याची एक मूलभूत पॉलिसी विकायला लावावी, म्हणजे तुलना खोलीभाड्याच्या मर्यादेत आणि बारीक अक्षरांत हरवणार नाही. मग या मूलभूत पॉलिसीपुरता खुला प्रवेश, एक दर आणि समतोल निधी एकत्र आणावेत. हे तिन्ही एकत्रच यायला हवेत, कारण काम अर्धेच केल्यावर काय होते ते न्यूयॉर्कने दाखवले आहे. याच टप्प्यावर कमी उत्पन्न असलेल्यांच्या हप्त्याला सरकारी अनुदान हवे. ते आधी न देता सहभागाची सक्ती आणू नये. आणि निधीचा हिशेब विमा कंपन्यांच्या संघटनेकडे न देता, ज्याला सर्व कंपन्यांचे क्लेम पाहता येतात अशा स्वतंत्र सार्वजनिक संस्थेकडे द्यावा.